लंगड्याच्या घरट्यातल्या चिंध्या

लॉन्ड्रीत वहिनीला सगळेच वहिनी म्हणत. मालक म्हणत, कपडे पोचवणारा गाडीवाला म्हणे, आणि मालकांचे म्हातारे वडील दारातल्या खुर्चीत डुलक्या घेता घेता "वहिनी आल्या का?" असं विचारत. खरं म्हणजे ती एकाच माणसाची वहिनी होती. तिची नणंद खालच्या मशीनघरात कामाला होती, ती हाक मारायची आणि तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. नणंदेला तिच्या भावाने लहानपणी चिमणी म्हणायला सुरुवात केली होती. आता चिमणी पन्नाशीला टेकली होती, मशीनघराच्या अरुंद दारातून आत येताना थोडी तिरकी व्हायची, तरी चिमणीच. ज्याच्यामुळे एक वहिनी झाली आणि दुसरी नणंद, तो माणूस जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोघी मागे उरल्या त्या दोन खोल्यांच्या एकाच घरात, एकाच शेगडीवर, रोज भांडत. शेजाऱ्यांना वाटायचं, आज ना उद्या या वेगळ्या होणार. झाल्या नाहीत. वेगळं होऊन भांडायचं कुणाशी, हा प्रश्न दोघींपुढेही असणारच.

वहिनीचं राज्य गच्चीवर. खाली मशीनं कपडे धुवायची, पिळायची, आणि ओल्या कपड्यांच्या टोपल्या कप्पीच्या दोराने अंगणातून वर यायच्या. चिमणी टोपली भरून दोराच्या आकड्याला अडकवायची आणि मान वर करून ओरडायची, "ओढ!" वर वहिनी दोर ओढायची. मग एकेक चादर झटकून दोरीवर, चिमटे दातांत धरून. हॉटेलवाल्यांना उन्हात वाळलेलंच पांढरं लागे. गच्चीच्या दाराची किल्ली वहिनीच्या कमरेला नाडीने बांधलेली असायची. मालकांना वर यायचं झालं तरी आधी खालून हाक मारावी लागे, आणि वहिनी त्यांना दोन मिनिटं थांबवल्याशिवाय दार उघडत नसे.

घारींशी तिची ओळख झाली ती चोरीवरून. एकदा एक रुमाल कमी भरला. मालक चेष्टेत म्हणाले, "काय वहिनी, उडून गेला वाटतं?" वहिनीला चेष्टा चालायची, पण तिच्या कामाची नाही. "उडून गेला असेल तर कुणी उडवला तेही सांगते," असं म्हणून ती वर गेली आणि डोळ्यांत तेल घालून पहारा करायला लागली. रुमाल वाऱ्याने गेला असता तर चिमटा दोरीवर राहिला असता, आणि चिमटा तर खाली पडलेला होता. थोड्याच दिवसांत चोर सापडला. पाण्याच्या टाकीमागून एक घार आली, पंख न हलवता, नुसती दुभंगलेली शेपटी जराशी कलती करून. एका पायाने रुमाल उचलला, चिमटा टक्कन फरशीवर पडला, आणि ती निघूनसुद्धा गेली. वहिनीने खरं तर चिडायला हवं होतं. तिच्या तोंडून निघालं, "काय सफाईने नेलंस गं बाई!" मग तिने मालकांना वर बोलावून समोरच्या मनोऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकाचा रुमाल घरट्याच्या काठावर फडफडत होता. मालक बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आता हिला जाब कोण विचारणार?"

चोर सापडला, प्रकरण मिटलं, पण वहिनीचं बघणं काही थांबलं नाही.

गच्चीसमोर गल्ली होती, गल्लीपलीकडे खेळाचं मैदान, आणि मैदानाच्या कोपऱ्यांवर दिव्यांचे उंच लोखंडी मनोरे. मनोऱ्याच्या माथ्याशी दिवे दुरुस्त करणाऱ्याला उभं राहायला जाळीची फळी असते. घारी तिथे घरटी करायच्या. सगळ्यात जवळच्या मनोऱ्यावरचं घरटं वहिनीला जवळजवळ समोरासमोर दिसे. चादरी वाळेपर्यंत तिला फारसं काम नसायचं. दुसरी कुणी अशा वेळी खाली जाऊन चहा प्यायली असती, वहिनी कठड्याला टेकून उभी राहायची. हळूहळू तिला कळत गेलं. अंगाने थोराड असते ती मादी. घरटं दोघं मिळून करतात, पण अंडी घालायच्या आधीचे काही आठवडे मादी बसून खाते आणि नर तिला घास आणून देतो. काड्या लावून झाल्या की पांढऱ्याचा शोध सुरू होतो. कागद, पिशवीचा तुकडा, कापड, जे मिळेल ते, पण पांढरं. लाल रुमाल बाजूच्याच दोरीवर असला तरी त्याला कधी कुणी हात लावला नाही, म्हणजे पाय लावला नाही.

एकदा चिमणी वर आली असताना एका घारीने मागून येऊन तिच्या डोक्यावर झपाटा मारला होता. केस विस्कटले, एक ओरखडा उठला, बाकी काही नाही. पण चिमणीने त्या दिवसापासून गच्ची सोडली. "तुझ्या त्या लाडक्यांना सांग, मी काही उंदीर नाही," असं ती वहिनीला सुनावायची. वहिनी म्हणायची, "उंदीर समजून उचलायला त्यांना दुसरी घार लागेल सोबतीला." मग दोघींचं संध्याकाळपर्यंत बोलणं बंद.

पलीकडच्या कोपऱ्यातल्या मनोऱ्यावर जी जोडी होती, तिच्यातल्या नराला वहिनी सरदार म्हणायची. त्याचं घरटं पांढऱ्याने नुसतं मढवलेलं असे, इतकं की मैदानाच्या या टोकावरून दिसावं. त्याच्या मनोऱ्याकडे परकी घार फिरकायची नाही. आली तरी दुरूनच वळून जायची. आणि जवळच्या मनोऱ्यावर लंगडा होता. त्याच्या डाव्या पायाची बोटं मिटलेली होती ती उघडायचीच नाहीत, कधीतरी कसल्या तारेत अडकली असावीत. त्याची बायको म्हातारी, पिसं विटलेली. त्यांचं घरटं म्हणजे नुसत्या काड्या. पांढऱ्याचा एक कपटासुद्धा नाही. परक्या घारी जाता जाता त्यांच्या डोक्यावरून घिरट्या घालून जात, आणि लंगडा मान वाकडी करून त्यांच्याकडे बघत बसे. वहिनीचा जीव तुटायचा.

त्याच हिवाळ्यात वहिनीचा उजवा खांदा धरला. आधी नुसता दुखला, मग हात कानाच्या वर जाईना. चादर दोरीवर टाकायची म्हणजे उंच हात लागतो. वहिनीने एक काठी घेतली, तिच्या टोकाला आकडा बसवला, त्याने दोरी खाली ओढायची आणि डाव्या हाताने चादर टाकायची. दोर ओढताना ती अंगाचा सगळा भार मागे टाकायची. कुणाला काही सांगितलं नाही. दार आतून बंद, किल्ली कमरेला, बघणार कोण?

आणि नेमकं तेव्हाच मालकांनी नव्या इस्पितळाचं काम घेतलं. ते वहिनीला खाली बोलावून म्हणाले, "वहिनी, जाड चादरींचं काम आहे. वजन वाढणार. गच्चीवर जोरकस माणूस पाहिजे. तुम्हाला झेपणार नसेल तर आत्ताच सांगा. चिमणीला वर घेतो आणि तुम्हाला घडीच्या खोलीत देतो. सावलीत बसून काम, काही त्रास नाही."

मालक मनापासून बोलत होते. पण घडीची खोली तळघरात होती. तिथे दिवसभर ट्यूब जळायची आणि खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की अंधारून आलंय, हे तिथल्या बायका एकमेकींना विचारत. गच्ची गेली की आभाळ गेलं, घारी गेल्या, आणि मग दिवसभर करायचं काय, तर उशांचे अभ्रे मोजायचे.

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "सगळी गच्ची एकटी बघते. मदतीला माणूससुद्धा नको."

मदतीला माणूस आलं असतं तर खांदा दिसला असता, म्हणून हा रुबाब. मालकांनी मान डोलावली. इस्पितळाच्या चादरी यायला लागल्या, आणि गंमत म्हणजे टोपल्या वहिनीला वाटल्या होत्या तितक्या जड लागेनात. दोर ओढताना खांद्यातून कळ यायची, पण टोपली वर यायची. वहिनीला वाटलं, अंगात अजून दम आहे आपल्या. तिने ते चिमणीला जेवताना ऐकवलंसुद्धा. चिमणीने भाजीचं भांडं वहिनीच्या डाव्या हाताकडे सरकवलं.

आता वहिनीची बुद्धी कुठे चालली ते बघा. पांढरं असलेल्या घरट्याला कुणी त्रास देत नाही, आणि लंगड्याकडे पांढरं नाही म्हणून त्याला कुणी विचारत नाही. हे तिचं गणित. आणि पांढऱ्याची तर तिच्याकडे रेलचेल होती! विरलेल्या, फाटलेल्या चादरी मालक पुसायच्या फडक्यांसाठी गच्चीवरच टाकून ठेवत. वहिनीने त्यातली एक घेतली, लांब पट्ट्या फाडल्या आणि कठड्यावर ठेवून वर एकेक खडा ठेवला. आयुष्य पांढरं करण्यात गेलेलं माणूस, त्याला पांढरं म्हणजे अब्रूच वाटणार.

लंगडा आला. आधी दोन फेऱ्या मारल्या, मग धड असलेल्या पायाने पट्टी उचलली, खडा गडगडत गेला. त्याने ती नेऊन म्हातारीपुढे टाकली. वहिनीने आनंदाने काठी फरशीवर आपटली. दुसऱ्या दिवशी तिने आणखी पट्ट्या ठेवल्या, तिसऱ्या दिवशी आणखी. बघता बघता लंगड्याचं घरटं सरदाराच्या घरट्यासारखं पांढरंफटक दिसायला लागलं. वहिनी घरी येऊन चिमणीला सांगायची, "काय दिसतंय गं घरटं! आता बघू कोण त्याच्याकडे वाकडी नजर करतो."

झालं उलटंच. पहिल्यांदा दोन तरण्या घारी आल्या. नेहमीसारख्या घिरट्या घालून गेल्या नाहीत, थेट घरट्यावर उतरायला लागल्या. लंगडा त्यांच्या अंगावर गेला, हवेत गुंतागुंत झाली, पिसं उडाली. त्या गेल्या तोवर तिसरी आली. मग एका सकाळी खुद्द सरदार मैदान ओलांडून आला. आजवर त्याने लंगड्याची दखलही घेतली नव्हती. त्याने वरून असा सूर मारला की लंगडा फळीवरून खाली कोसळता कोसळता वाचला. वहिनीला वाटलं, योगायोग असेल. तिला वाटलं, पांढरं अजून कमी पडतंय. माणूस चुकायला लागलं की नेटाने चुकतं. तिने अख्खी चादर फाडली.

मग रोजचंच युद्ध झालं. लंगडा पहाटेपासून घरट्यावर उभा, पंख अर्धवट उघडे, मान गरगर फिरवत. शिकारीला जायला त्याला उसंत नव्हती. म्हातारी घास मागायची, ती कापरी, लांबलचक शीळ घालून, आणि हा तिच्याकडे पाठ करून आभाळाकडे बघत राहायचा. म्हातारी दिवसेंदिवस वाळत चालली. अंडी घालायचे दिवस, आणि पोटात काही नाही. एकदा वहिनी काठी घेऊन कठड्यापाशी धावली आणि "हाड्! हाड्!" करत हात वर केला. उजवा हात. डोळ्यांपुढे काजवे चमकले, काठी गल्लीत पडली. ती कठड्याला पाठ लावून खाली बसली आणि रडली. थोडी खांद्यासाठी, बरीचशी लंगड्यासाठी. कारण तोपर्यंत तिच्या ध्यानात आलं होतं. पांढरं म्हणजे अब्रू नव्हती, दवंडी होती. ज्याला सांभाळायची ताकद आहे त्याने ती पिटावी. लंगड्याच्या दारात ती दवंडी तिने पिटली होती.

त्या दिवसापासून तिने कठड्यावर एक धागा ठेवला नाही. पण दिलेलं परत कसं घ्यायचं? मनोऱ्यावर चढणं तिच्याच्याने होणार नव्हतं, आणि दिवे बघणाऱ्या माणसाला सांगावं तर तो चिंध्यांसकट घरटंच उचलून टाकायचा. बघत राहणं, एवढंच तिच्या हातात होतं. तेवढं ती करणार होती. आपण घातलेला घोळ आपल्या डोळ्यांनी शेवटपर्यंत बघायचा, पाठ फिरवायची नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

त्याच आठवड्यात मशीनघरात आरडाओरडा झाला. वहिनी जिन्यावरून ऐकत होती. मालक चिमणीला बोलत होते, सगळ्यांसमोर. "इस्पितळाचं काम घेतल्यापासून तुझं मशीन मागे. बाकीच्यांचं वेळेत होतं, तुझंच कसं होत नाही? गप्पा कमी कर आणि हात चालव. असंच चाललं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

चिमणीच्या तोंडाचा पट्टा लॉन्ड्रीत प्रसिद्ध होता. मालकांच्या वडिलांनासुद्धा ती सोडायची नाही. वहिनी वाट बघत राहिली, आता हिचं सुरू होईल, मग सुरू होईल. "हो मालक," एवढंच चिमणी म्हणाली. वहिनीला हे त्या ओरड्यापेक्षा जास्त लागलं. ती काही न समजून वर गेली.

वर गेली तर म्हातारी उभी होती. लंगडा कुणामागे तरी मैदानाच्या मध्यापर्यंत गेला होता. म्हातारीने चोचीत एक पट्टी धरली, मान झटकून ओढून काढली, फळीच्या कडेला नेली आणि सोडली. पट्टी वळवळत खाली गेली. म्हातारी परत फिरली आणि दुसरी ओढायला लागली. ती काड्यांत अडकलेली होती. तिने पाय रोवून ओढली, थांबली, पुन्हा ओढली. सुटली तशी तीही कडेवरून टाकली. वाऱ्याने पडलेली चिंधी वेगळी आणि टाकलेली वेगळी, हे वहिनीला कुणी सांगायला नको होतं. लंगडा परत आला. घरट्याची ही दशा बघून तो भांडेल असं वहिनीला वाटलं. तो थोडा वेळ एका पायावर उभा राहिला, आणि मग त्याने खाली वाकून एक पट्टी स्वतःच उचलली आणि टाकून दिली.

मनोऱ्याखालच्या गवतावर चिंध्या पडत राहिल्या. खालून "ओढ!" अशी हाक आली. वहिनीने दोर धरला, ओढला, आणि टोपली अर्ध्यावर असताना तिचा हात थांबला. टोपली हलकी होती. इस्पितळाची जाड चादर ओली असताना काय वजन करते हे ज्या बाईला ठाऊक आहे, तिला आजवर हे कळलं नव्हतं, कारण तिला कळून घ्यायचं नव्हतं. तिने टोपली वर घेतली. अर्धीच भरलेली. चादरीला हात लावला, ती पिळून पिळून नुसती दमट राहिली होती.

वहिनीने गच्चीचं दार उघडं टाकलं आणि खाली गेली. मशीनघराच्या दारातून तिने बघितलं. बाकीच्या बायका चादरी एकदा पिळून काढत होत्या. चिमणी वर जायच्या सगळ्या चादरी परत आपल्या मशीनमध्ये टाकून दुसऱ्यांदा पिळायला लावत होती, आणि एका टोपलीचा माल दोन टोपल्यांत भरत होती. कपाळावरून घामाचे ओघळ चालले होते.

"कधीपासून?" वहिनीने विचारलं.

चिमणी दचकली. मग तिने चादर आपटून टोपलीत टाकली. "तू डाव्या हाताने केस विंचरायला लागलीस तेव्हापासून. मला डोळे नाहीत का? रात्री कूस बदलताना कण्हतेस ते भिंतीला ऐकू जातं, मला जाणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? तू कबूल केलं असतंस? मालकांना म्हणालीस, माणूससुद्धा नको. एवढा तोरा केल्यावर माझं कोण ऐकणार होतं?" चिमणीचा आवाज चिरकला. "आणि घडीच्या खोलीत तू महिनाभर टिकली नसतीस वहिनी. मला माहीत नाही का."

वहिनी आभाळ धरून बसली होती, आणि ते धरायला खाली कुणीतरी रोज दुप्पट पिळत होतं, शिव्या खात होतं, घरट्यातल्या म्हातारीसारखं सोसत होतं. "ठेव ते," ती म्हणाली. "चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"चल म्हटलं ना."

मालक खोलीत फोनवर बोलत होते. वहिनी फोन संपेपर्यंत थांबली नाही. तिने कमरेची नाडी सोडायला घेतली. एका हाताने गाठ सुटेना. तिने चिमणीकडे बघितलं, चिमणीने गाठ सोडली. वहिनीने किल्ली मालकांच्या टेबलावर ठेवली.

"माझा उजवा हात वर होत नाही, मालक. हिवाळ्यापासून. मी खोटं बोलले. चिमणीचं मशीन मागे पडतं ते माझ्यामुळे, माझा भार हलका करायला ती दोनदा पिळते. तिला बोललात ते माझ्या वाटणीचं होतं."

मालकांनी फोन खाली ठेवला. किल्लीकडे बघितलं. त्यांना राग आला होता, पण कशाचा ते त्यांना नीट सापडत नव्हतं. "मग आता? मी म्हटलंच होतं. घडीच्या खोलीत..."

"घडीच्या खोलीत मी जाणार नाही."

"म्हणजे? किल्लीही देता आणि..."

"किल्ली देते. दोर देते, चादरी देते, मोठ्या दोऱ्या देते. कठड्याकडच्या खालच्या दोऱ्या आहेत ना, कमरेएवढ्या? रुमाल नि उशांचे अभ्रे तिथे वाळतात. तेवढं डाव्या हाताने चोख करते. आणि वारा कधी फिरणार, सरी कधी येणार, हे घारींकडे बघून मीच सांगते, आजवर एकही चादर भिजू दिलेली नाही. बाकी सगळी गच्ची चिमणीची. ती मुकादम. मी तिच्या हाताखाली."

"अहो, आणि मशीनवर कोण?"

"मशीनवर कुणीही ठेवा. दोनदा पिळणारं मिळणार नाही, आणि ते तुम्हाला नकोच आहे."

मालकांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं. "आठवडाभर बघतो," ते म्हणाले. "जमलं तर ठीक. नाहीतर दोघींना खाली आणीन, मग माझं काही ऐकायचं नाही." त्यांनी किल्ली उचलून चिमणीपुढे धरली.

चिमणी दोन पावलं मागे सरकली. "मी वर जाणार नाही," ती म्हणाली. "त्या घारी मला फाडून खातील."

एवढा वेळ वहिनीने सगळ्याचा विचार केला होता, एवढा सोडून.

त्या संध्याकाळी घरी शेगडीपाशी वहिनीने तिला समजावलं, घास हातात धरून, अगदी लहान मुलाला सांगावं तसं. घार समोरून येत नाही. ती मागून येते. तिच्याकडे बघत राहिलं की ती वळून जाते. आता त्यांची अंडी घालायची वेळ आहे, म्हणून त्या जास्त चिडलेल्या असतील. चिमणी म्हणाली, "चादर टाकताना मी मागे बघू की पुढे? माझ्या डोक्याला मागून डोळे आहेत का?"

"माझे आहेत," वहिनी म्हणाली. "मी मागे चालते."

मालकांनी दिलेल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी दोघी वर गेल्या. दार चिमणीने उघडलं, किल्ली तिच्या कमरेला. समोरच्या मनोऱ्यावर म्हातारी घरट्यात खोल बसली होती, नुसतं डोकं दिसत होतं. घरटं पुन्हा काड्यांचंच झालं होतं. एकच चिंधी उरली होती, बोटभर, काठाशी खोवलेली. ती म्हातारीने राहू दिली होती. लंगडा जवळच्या दिव्यावर बसून कसलं तरी मांस ओरबाडत होता. सरदार दूर आपल्या कोपऱ्यावर होता, आणि बराच वेळ कुणी कुणाकडे आलं गेलं नाही.

चिमणीने दोर ओढला. भरलेली, ओली, खरी जड टोपली वर आली. तिने पहिली चादर खांद्यावर घेतली आणि गच्चीच्या मधोमध निघाली. वहिनी तिच्या मागे, पाठीला पाठ लावून, उलटी पावलं टाकत, डोळे आभाळाकडे. इतकी वर्षं या घरात वहिनी पुढे आणि चिमणी मागे. आता उलटं चालताना वहिनीला दोनदा ठेच लागली.

दिव्यावरचं मांस टाकून लंगडा उठला. पंख न हलवता गच्चीवरून आला, खाली, आणखी खाली.

"वहिनी, आली का गं?"

"आली तर सांगेन. तू चाल."

वहिनी त्याच्याकडे बघत उभी राहिली. इतक्या जवळून तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. काळसर डोळा, मिटलेली बोटं पोटाशी धरलेली. तो तिच्या डोक्यावर हातभर अंतरावर आला, शेपटी कलती केली आणि वळून मनोऱ्याकडे गेला. वहिनीने श्वास सोडला. चिमणीला तिने काहीच सांगितलं नाही.

चिमणीने चादर झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले. वहिनीने मान वळवून बघितलं.

"वाकडी लागलीय," ती म्हणाली.

"मुकादम कोण आहे?" चिमणीने मागे न बघता विचारलं, आणि दुसरी चादर उचलली.